आईवडिलांसाठी डेस्कटॉप संगणक घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात किंवा परदेशात आणि निवृत्त आईवडील गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी, अशा घरांतून नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेकांची पहिली विचारणा प्रोसेसरविषयी असते. आमच्या मते तो प्रश्न बराच नंतरचा आहे. आईवडिलांच्या संगणकात पडद्यावरचे अक्षर किती स्वच्छ वाचता येते आणि मशीन बंद पडल्यावर ते उघडून पाहणारा माणूस किती जवळ आहे, या दोन गोष्टींवर बाकीची निवड ठरते.

घरात स्मार्टफोन असताना डेस्कटॉप हवाच कशाला?

अनेक घरांत तो नकोच असतो. व्हॉट्सअॅप, नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि यूट्यूबवरची कीर्तने एवढाच वापर असेल, तर फोन किंवा फार तर मोठ्या पडद्याचा टॅबलेट पुरतो. डेस्कटॉपची गरज सहसा लिहिण्यातून आणि हिशेबातून निर्माण होते. वडील सोसायटीचे किंवा देवस्थानाचे खजिनदार असतात, आई पाककृती किंवा घराण्याची माहिती लिहून काढत असते, कुणी शेअर्सचे व्यवहार पाहते, तर कुणाला सातबारा आणि बँकेची विवरणपत्रे शेजारी शेजारी उघडून ताडून बघायची असतात. अशी कामे फोनच्या पडद्यावर करताना डोळे आणि संयम दोन्ही संपतात. म्हणून खरेदीपूर्वी आईवडिलांना नेमके काय करायचे आहे ते त्यांनाच विचारावे, आणि दोघांना वेगवेगळे विचारावे, कारण संगणक ‘बाबांचा’ ठरला की आई त्याच्याजवळ फिरकत नाही, असे पुष्कळ घरांत दिसते. वाढदिवसाची अचानक भेट म्हणून आणलेले मशीन बहुधा क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले राहते.

लॅपटॉप अधिक सोयीचा नाही का?

आईवडील वर्षातले काही महिने गावी आणि काही महिने मुलांकडे राहत असतील, तर लॅपटॉप घ्यावा आणि दोन्हीकडे वेगळा मॉनिटर व कीबोर्ड ठेवावा. एरवी डेस्कटॉप उजवा ठरतो. त्याचा पडदा डोळ्यांच्या सोयीने वरखाली व मागेपुढे ठेवता येतो, कीबोर्ड बिघडला तर नवा जोडता येतो आणि मशीनची जागा कायम असल्यामुळे वापराची सवय लवकर लागते. लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकून पाहत दोन तास बसणे सत्तरीतल्या मानेला झेपत नाही.

मोठे कॅबिनेट, ऑल-इन-वन आणि मिनी पीसी यांपैकी काय निवडावे?

दुकानात ऑल-इन-वन सर्वांत देखणा दिसतो, कारण त्यात सगळे काही पडद्यामागे दडलेले असते आणि वायरी कमी असतात. अडचण दुरुस्तीच्या वेळी कळते. पडदा गेला तर संपूर्ण यंत्र दुकानात न्यावे लागते, मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी, गेला तर चांगला पडदाही निकामी होतो आणि सुटे भाग बहुतेक त्याच कंपनीचे लागतात. कंपनीचे सेवा केंद्र असलेल्या शहरात ही अडचण निभावते. चिपळूण, उदगीर किंवा शहाद्यासारख्या गावी मात्र मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

मिनी पीसी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे यंत्र. ते मॉनिटरच्या पाठीमागे अडकवता येते, वीज अगदी कमी खाते आणि आवाजही जवळजवळ करत नाही. घरगुती कामांना ते छान पुरते, पण त्याचा अॅडाप्टर जळाला तर त्याच व्होल्टचा आणि तितकाच किंवा अधिक अँपिअर देणारा दुसरा मिळवावा लागतो. शिवाय अनोळखी नावाच्या आयात यंत्रांना येथे सेवा मिळेलच असे नाही.

ज्याला आपल्याकडे सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात, ते साधे उभे कॅबिनेट दिसायला जुनाट वाटले, तरी गावातला कोणताही संगणक दुरुस्त करणारा ते उघडू शकतो. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, गेला तर तो बहुधा त्याच दिवशी बदलून मिळतो. मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्या आईवडिलांसाठी आमचा कौल कॅबिनेटलाच आहे, मात्र ते सर्वसामान्य मापाचे असावे. काही नामांकित कंपन्यांच्या अगदी बारीक कॅबिनेटमधला एसएमपीएस खास मापाचा असतो आणि मग वरचा फायदा राहत नाही.

प्रोसेसर कोणता आणि रॅम किती?

सध्या विक्रीस असलेला इंटेलचा आय३ किंवा एएमडीचा रायझन ३ या वर्गातला कोणताही प्रोसेसर वर सांगितलेल्या कामांना पुरून उरतो. आय७ किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड यांवर खर्च करण्याचे कारण नाही. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, ८ जीबीपेक्षा कमी नसावी. १६ जीबी असल्यास पुढची काही वर्षे निश्चिंती राहते, पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. तेव्हा आता ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसऱ्या पट्टीसाठी खाच मोकळी आहे ना, एवढे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

एसएसडी आणि हार्ड डिस्क यांत इतका फरक पडतो का?

होय, आणि आईवडिलांना जाणवणारा फरक हाच आहे. दोन्हींत फाइली साठवतात, पण एसएसडीत हार्ड डिस्कसारखी फिरती तबकडी नसते, म्हणून ती फार वेगवान असते. ‘बटण दाबून चहा टाकायला गेले, परत आले तरी गोल फिरतेच आहे’ ही जुन्या संगणकाविषयीची तक्रार बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे असते. विंडोज एसएसडीवरच असावी. ५१२ जीबी उत्तम, २५६ जीबी चालेल. लग्नकार्यांचे व्हिडिओ आणि जुने फोटो पुष्कळ असतील, तर ते ठेवायला हार्ड डिस्क वेगळी जोडावी.

जुना संगणक चालू आहे. तो बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

विंडोज १०साठीचे मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ‘आय५-६५००’ यातला आडव्या रेघेनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी आणि ‘आय५-१२४००’ यातला १२ म्हणजे बारावी. (अलीकडच्या काही इंटेल प्रोसेसरांच्या नावांतून ‘आय’ गळला आहे, त्यांना हा हिशेब लावू नये.) जुने मशीन आठव्या पिढीचे किंवा नंतरचे असून नुसते मंद झाले असेल, तर एसएसडी आणि रॅम घालून पाहावी. नव्या संगणकाच्या मानाने फार थोड्या खर्चात काम भागते. त्याहून जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करत राहू नये.

मॉनिटर कसा निवडावा?

येथे घाई करू नये आणि काटकसरही करू नये, कारण आईवडील दिवसभर पाहणार ते पडद्याकडेच. २४ इंचांचा, १९२०×१०८० ठिपक्यांचा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा) आणि चकाकी नसलेला मॉनिटर बहुतेकांना योग्य ठरतो. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की अक्षर मोठे होते पण त्याच्या कडा जराशा खडबडीत दिसतात, आणि २७ इंचांवर २५६०×१४४० ठिपके घेतले की अक्षर रेखीव होते पण मुळात बारीक दिसते व सेटिंगमधून वाढवावे लागते. कागदावरचे हे आकडे वाचून निर्णय होत नाही. दुकानात मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडावे, घरी बसणार तेवढ्या अंतरावर वडिलांना खुर्चीत बसवावे आणि एक बातमी मोठ्याने वाचायला सांगावे. ‘वर्ष’मधला रफार आणि ‘चिंता’मधला अनुस्वार पुढे न झुकता दिसला, तर मॉनिटर पसंत करावा.

चष्म्याचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे दिसण्याचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. पडदा उंच असला की माणूस नकळत हनुवटी वर करून त्या खालच्या भागातून पाहू लागतो आणि आठवडाभरात मान धरते. मग दोष संगणकाला जातो. अशा चष्म्यासाठी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या बरीच खाली असावी, म्हणून उंची कमीजास्त करता येणारा स्टँड घ्यावा. स्वस्त मॉनिटर केवळ मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही. आडव्या कॅबिनेटवर मॉनिटर ठेवण्याची जुनी पद्धत तर सोडूनच द्यावी. डोळे ते पडदा हे अंतर टेपने मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितल्यास त्या अंतराचा निराळा चष्मा करून मिळतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर चष्मा आणि मॉनिटर दोन्हींची खरेदी त्यानंतर करावी.

सोबत आणखी काय घ्यावे लागते?

लॅपटॉपच्या सवयीमुळे मुले हमखास विसरतात, पण साध्या डेस्कटॉपला कॅमेरा, मायक्रोफोन आणि ऐकू येईल असा स्पीकर नसतो, आणि पुष्कळ मशीनना वाय-फायही नसते. पहिला व्हिडिओ कॉल यातच अडतो. माउस आणि कीबोर्ड वायरचेच घ्यावेत, म्हणजे सेल संपण्याचा प्रश्न नाही. हाताला कंप असल्यास माउसचा बाण मोठा करून वेगळ्या रंगाचा करावा आणि फाइल एका क्लिकने उघडण्याची सोय चालू करावी. डबल-क्लिक न जमल्यामुळे संगणक सोडून दिलेली माणसे थोडी नाहीत.

घरी इन्व्हर्टर आहे. मग यूपीएस कशाला?

वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होण्यात क्षणभराचा खंड पडतो. पंख्याला तो कळतही नाही, पण संगणक तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. अनेक इन्व्हर्टरना यूपीएस मोडची कळ असते. ती त्या बाजूला करून, संगणक चालू ठेवून मेन स्विच एकदा पाडून पाहावा. मशीन टिकले तर वेगळा यूपीएस नको. नसेल टिकत, तर ६०० व्हीए क्षमतेचा साधा यूपीएस काम जतन करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि बदलावी लागते. लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नये.

अर्थिंग आधी तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्यातल्या वरच्या मोठ्या पिनेला वायर जोडलेलीच नसते. कॅबिनेटच्या धातूच्या कडेला अनवाणी उभे राहून हात लागताच बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटते, ती याची ठळक खूण. संगणक आणण्याच्या आधी इलेक्ट्रिशियन आणावा.

कोकणात पावसाळ्याचे वेगळे पथ्य आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मशीन बंद करून प्लग सॉकेटमधून उपसावा, आणि राउटरकडून येणारी लॅन केबलही काढावी, कारण विजेचा झटका त्या तारेनेही आत येतो. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत मशीन एक-दोन दिवसांआड थोडा वेळ तरी चालवावे. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला न वापरलेल्या खाचांच्या पट्ट्या निघालेल्या असतील, तर त्या बसवून घ्याव्यात. उबेला आलेली पाल तेथूनच आत शिरते, आणि मदरबोर्डवर तिचा शेवट झाला तर मदरबोर्डचाही होतो.

ब्रँडेड, असेंबल केलेला की रिफर्बिश्ड?

ब्रँडेड मशीन घेतल्यास घरी येऊन सेवा देणारी वॉरंटी आहे का आणि ती आईवडिलांच्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेकडून आधी विचारून घ्यावे. असेंबल केलेल्या मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचे नाव आणि सिरीयल क्रमांक असावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाग स्वस्त पडतात हे खरे, पण तेथून घेतलेले मशीन कणकवलीत बिघडले की गावातला दुरुस्ती करणारा ‘जिथून घेतलंत तिथे न्या’ असे म्हणायला मोकळा असतो. चार पैसे जास्त गेले तरी गावातल्याच दुकानदाराकडून घेतलेल्या मशीनला तो संध्याकाळी दुकान बंद करून जाताना येऊन पाहतो.

कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर यांसारखे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून विकले जाणारे, संगणक दणकट असतात आणि आठव्या पिढीचे किंवा पुढचे असल्यास अवश्य विचार करावा. सहाव्या-सातव्या पिढीचे ढिगाने विकले जात आहेत. ते का, हे वर आलेच आहे. तिन्ही प्रकारांत विंडोज अधिकृत आहे याची खात्री करावी. ‘टाकून देतो, चालते’ अशी विंडोज बँकेच्या कामासाठी घेऊ नये.

मराठी टायपिंगचे काय? वडिलांच्या जुन्या फाइल उघडत नाहीत.

विंडोजमध्ये मराठीसाठी दोन कीबोर्ड आयतेच मिळतात. एक इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना, आणि दुसरा २०१९च्या मे महिन्यातील विंडोज अद्यतनापासून आलेला फोनेटिक, ज्यात रोमन कळा दाबून मराठी उमटते. कधीच टायपिंग न केलेल्या आईसाठी फोनेटिक सोपा आहे, आणि चिकाटी असेल तर इनस्क्रिप्ट अधिक वेगवान आहे. त्याच्या अक्षरांचे स्टिकर कीबोर्डवर लावता येतात. सरकारी नोकरीत टाइपरायटरच्या रेमिंग्टन रचनेवर बोटे बसलेल्या वडिलांना मात्र यांपैकी काहीही शिकायला लावू नये. रेमिंग्टन रचनेत युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणारी, मराठी टाइप करू देणारी साधने आहेत. तीच बसवून द्यावीत. चाळीस वर्षांची बोटांची सवय मोडण्याचा हट्ट कुणाच्याच हिताचा नाही.

जुन्या फाइलींचा प्रश्न निराळा आहे. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर आत रोमन चिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवलेला असतो. फॉन्ट नसला की पडद्यावर सगळा गोंधळ दिसतो, मजकूर मात्र शाबूत असतो. त्यामुळे जुने मशीन मोडीत काढण्याआधी त्यातले फॉन्ट कॉपी करून घ्यावेत, सॉफ्टवेअरसोबत डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) आले असेल तर तेही जपावे, आणि महत्त्वाच्या फाइली परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणाव्यात. परिवर्तनात जोडाक्षरे आणि रफार कधी कधी चुकतात, तेव्हा मूळ प्रत ठेवून द्यावी.

विंडोज मराठीतून ठेवावी का? लिनक्स चालेल का?

विंडोजची मांडणी मराठीत करता येते, पण मदत करणाऱ्या मुलाच्या पडद्यावर इंग्रजी असेल तर फोनवरून ‘वरून तिसरे काय लिहिलंय?’ या पातळीवर संवाद येतो. दोघांकडे एकच भाषा असावी, कोणती ते आईवडिलांनी ठरवावे. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, आणि तिचा लिनक्स मिंट हा प्रकार ब्राउझिंग आणि लेखनाला चांगला आहे. डिजिटल सहीचे टोकन, विशिष्ट हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा वर सांगितलेले जुने मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअर लागत असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

मशीन कुणाच्या खात्यावर सुरू करावे?

आईवडिलांच्याच खात्यावर, त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर. सोय म्हणून मुलगा स्वतःचा क्रमांक देतो आणि पुढे ओटीपी न्यू जर्सीत मध्यरात्री वाजतो. रोजच्या वापराला साधे खाते द्यावे आणि प्रशासकाचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे कुणी काही बसवायला सांगितले तरी पासवर्डपाशी अडते.

येथे एक धोका सहसा कुणी सांगत नाही. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खाते जोडताच पुष्कळ नव्या मशीनवर डिस्क आपोआप सांकेतिक कुलुपात जाते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) फेरफार झाला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर डिस्कवरचे फोटो गेले म्हणून समजावे. पहिल्याच दिवशी ही की छापून बँकेच्या पासबुकांसोबत ठेवावी. फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावीच.

दूर राहून मदत कशी करावी, आणि फसवणुकीपासून कसे जपावे?

दुरून आईवडिलांचा पडदा पाहून मदत करू देणारे विंडोजमधील क्विक असिस्ट पुरेसे आहे. त्यात दर वेळी नवा कोड टाकून आईवडिलांना परवानगी द्यावी लागते. असेच काम करणारी एनीडेस्कसारखी अॅप्स कायमची बसवून ठेवू नयेत, कारण बँकेचा किंवा वीज कंपनीचा माणूस म्हणून फोन करणारे भामटे नेमकी तीच वापरतात. रिझर्व्ह बँकेने २०१९मध्येच याबाबत बँकांना सावध केले होते. घरात एकच नियम ठरवावा: फोनवरच्या माणसाने संगणकात काहीही उघडायला सांगितले, तर फोन ठेवायचा आणि मुलांना लावायचा. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा पडदाभर इशारा आला, आवाज घुमू लागला, तरी ते केवळ एक वेबपान असते. एस्केप कळ दाबून धरावी, मग ऑल्ट आणि एफ४ दाबावे, आणि तेही न जमल्यास पॉवरचे बटण दाबून धरून मशीन बंद करावे. हे प्रत्यक्ष करून दाखवावे. ब्राउझरमध्ये संकेतस्थळांच्या सूचना सरसकट बंद कराव्यात. उजव्या कोपऱ्यात उगवणाऱ्या निम्म्याअधिक भीतिदायक जाहिराती तेथूनच येतात.

हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे यंत्र घ्यावे का?

केवळ त्यासाठी घेऊ नये. जीवन प्रमाण या हयातीच्या डिजिटल दाखल्याच्या सरकारी सेवेची चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय मोबाइलवर आहे, आणि उतारवयात बोटांचे ठसे पुसट झाल्याने यंत्र अनेकदा नकार देते.

प्रिंटर कोणता?

महिन्याला पाच-दहा पाने छापणाऱ्या घरात काळ्या-पांढऱ्या छपाईचा लेझर प्रिंटर बरा. इंक टँक (शाईच्या टाकीच्या) प्रिंटरचा छपाईचा दर कमी असतो, पण तो महिनोन्महिने पडून राहिला की शाई वाळून हेड तुंबते. ज्यांना नियमित रंगीत छपाई लागते त्यांनीच तो घ्यावा.

जुन्या संगणकाची विल्हेवाट कशी लावावी?

नवे मशीन सुरू झाल्यावर दोन-तीन महिने जुने तसेच ठेवावे. कारण त्या काळात ‘ती गणपतीच्या वर्गणीची फाइल कुठे गेली?’ असे प्रश्न हमखास निघतात. नंतर त्यातली डिस्क काढून घ्यावी आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा उत्पादक कंपनीच्या परतीच्या योजनेत द्यावा. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. काढलेल्या डिस्कवर नाव आणि वर्ष लिहून ती कोरड्या जागी ठेवावी.